पाच रुपयांची गेली, पाच शिलिंगची राहिली

माझ्या आल्बममध्ये एका पानावर दोनच तिकिटं लावलेली आहेत. डावीकडचं मॉरिशसचं, १९६५ सालचं, किंमत ५ रुपये. उजवीकडचं ट्रिस्टन दा कुन्हाचं, १९५४ सालचं, किंमत ५ शिलिंग. दोन्हींवर पाणकोंबडीच्या कुळातला एकेक पक्षी आहे. दोघंही भर समुद्रातल्या ज्वालामुखीच्या बेटांवरचे, आणि दोघांनाही उडता न येणारे. डावीकडची लाल पाणकोंबडी सव्वातीनशे वर्षांपूर्वी संपली. उजवीकडची चिमुकली आजही तिच्या बेटावरच्या गवतात उंदरासारखी पळतेय.

आल्बम बघायला येणारे बहुतेक जण विचारतात, "केवढ्याला जाईल हे?" मी सांगते, जायचं नाहीये.

मी ३७ वर्षं टपाल खात्यात काढली. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतली सब-ऑफिसं फिरले, काउंटरवर बसले, थैल्या फोडल्या, बांधल्या आणि शिक्के किती मारले त्याला गणती नाही. शिक्का मारण्याचीही एक रीत असते. तिकीट रद्द व्हायला हवं हे खरं, पण त्यासाठी पक्ष्याच्या डोळ्यावरच दणका घालायची गरज नसते. कोपऱ्यावर पाव वर्तुळ उमटलं तरी काम भागतं आणि तारीख लिफाफ्यावर नीट वाचता येते. माझ्या हातून सुटलेल्या मोरांचे नि सारसांचे डोळे बहुतेक शाबूत असतील. कोरी तिकिटं जमवणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त पैसे मिळतात, हे मला ठाऊक आहे. मला मात्र प्रवास केलेलं तिकीटच आवडतं.

पक्ष्यांची गोडी मला तिकिटांनी लावली नाही, उजनीनं लावली. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. धरण सोलापूर जिल्ह्यात आणि फुगवटा आमच्या इंदापूर तालुक्यात, पार भिगवणच्या पुढपर्यंत. माझ्या वडिलांची काळी जमीन त्या पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ निदान पाणी उतरलं की वर दिसतं, आमचं रान काही दिसत नाही. वडील बरीच वर्षं तिकडे फिरकलेच नाहीत. पुढे एकदा हिवाळ्यात कुंभारगावला पाहुण्यांकडे गेलो, तेव्हा नावाड्यानं आम्हाला होडीतून नेलं. लांबवर रोहित उभे होते, गुलाबी झालर लावल्यासारखे. वडिलांचं लक्ष मात्र होडीपुढून पळणाऱ्या काळ्या पक्ष्यांकडे होतं. डांबरासारखं काळं अंग, कपाळावर पांढराशुभ्र टिळा. उडण्याआधी ते पाण्यावरून पाय आपटत कितीतरी लांब धावत जातात, बेलवाडीच्या रिंगणात माणसं धावतात तसे.

"त्यो वारकरी हाय, मावशी," नावाडी म्हणाला. "टिळा बघा की."

वडील म्हणाले, "आपल्या रानातच धावतोय."

पुस्तकात त्याला चांदवा असंही नाव आहे. तो पाणकोंबडीच्याच कुळातला. तिकिटं देशवार लावायची सोडून पक्ष्यांच्या कुळांप्रमाणे लावायची, हे मी तेव्हापासून ठरवलं. भारत एका आल्बममध्ये, फ्रान्स दुसऱ्यात, हा हिशेब माणसांचा आहे.

आता मॉरिशस. टपालतिकिटांच्या जगात हे बेट देवस्थानासारखं आहे. १८४७ साली तिथे १ पेनीची नारिंगी आणि २ पेन्यांची निळी अशी प्रत्येकी ५०० तिकिटं छापली गेली. त्यांवर राणी व्हिक्टोरियाचा चेहरा आणि कडेला 'पोस्ट ऑफिस' ही अक्षरं. दोन्ही मिळून आज जेमतेम २७ उरली आहेत. त्यांतली दोन नारिंगी तिकिटं एकाच लिफाफ्यावर आहेत आणि तो लिफाफा जानेवारी १८५० मध्ये पोर्ट लुईसहून निघून आला कुठे, तर आपल्या मुंबईला, तिथल्या बायबल सोसायटीच्या सचिवाच्या नावे. पुढे जवळजवळ अर्धशतकानं तो भारतातल्याच एका बाजारात एका साहेबाच्या हाती लागला आणि १९६८ च्या लिलावात ३ लाख ८० हजार डॉलरला गेला. रद्दीच्या दुकानापुढून जाताना माझी चाल आजही मंदावते, ती त्या लिफाफ्यामुळे.

पण मला त्या राणीपेक्षा मॉरिशसचे पक्षी प्रिय. १९६५ मध्ये तिथे रोजच्या वापरासाठी १५ तिकिटांची मालिका निघाली. चित्रं डी. एम. रीड-हेन्री यांची. प्रत्येक तिकिटावर मॉरिशसचा किंवा शेजारच्या बेटांवरचा एक पक्षी. हा संच मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका बिस्किटाच्या डब्यातून दोन-तीन खेपांत गोळा केला. घरी आणून किमतीप्रमाणे ओळीनं मांडला आणि मांडतानाच लक्षात आलं. २ सेंटपासून ५० सेंटपर्यंत जिवंत पक्षी: बुलबुल, नाचरा, पोपट. २५ सेंटवर मॉरिशसचा छोटा ससाणा, ३५ वर गुलाबी कबुतर. ६० सेंटपासून वर सगळे मेलेले. ६० वर तिथलं निळं कबुतर, १ रुपयावर डोडो, अडीच रुपयांवर रॉड्रिग्ज बेटाचा सॉलिटेअर, ५ रुपयांवर लाल पाणकोंबडी आणि १० रुपयांवर मोठ्या चोचीचा पोपट. जिवंत ते स्वस्त, संपलेले ते महाग. ठरवणाऱ्यांच्या मनात काही का असेना, काउंटरवर बसून सुटे पैसे मोजलेल्या बाईला ते खटकणारच.

त्यातली लाल पाणकोंबडी बघा. कोंबडीएवढी, तांबूस, चोच लांब आणि खाली वळलेली. जुन्या चित्रांवरून, वर्णनांवरून आणि सापडलेल्या हाडांवरून तिचं रूप ठरवावं लागतं, कारण १७०० च्या आसपास ती नाहीशी झाली. तिला पकडायची युक्ती त्या काळच्या खलाशांनी लिहून ठेवली आहे. लाल फडकं हलवायचं. बिचारी कुतूहलानं आपणहून जवळ यायची आणि काठीचा एक तडाखा बसला की संपलं. एकीच्या ओरडण्यावर दुसऱ्या धावून यायच्या, त्याही मिळायच्या. माणसाच्या आधी आणि माणसाबरोबर उंदीर, डुकरं, माकडं, मांजरं बेटावर उतरली. जमिनीवर घरटं करणाऱ्या, न उडणाऱ्या पक्ष्याची अंडी त्यांना आयतीच मिळाली. डच १५९८ मध्ये त्या बेटावर उतरले. डोडो पुरता शंभर वर्षंही टिकला नाही.

हे पक्षी उडणं विसरले तरी कसे, असा प्रश्न मला नातीनं विचारला होता. पाणकोंबडीचं कुळ दिसायला आळशी. आपल्या ओढ्यातली पाणकोंबडीसुद्धा उडण्यापेक्षा पळणं पसंत करते. पण हेच कुळ वादळात सापडून, वाऱ्यावर भरकटत जगातल्या दूरदूरच्या बेटांवर पोचलेलं आहे. आणि पोचल्यावर तिथे कोल्हा नाही, मांजर नाही, मुंगूस नाही. उडायला लागणारे छातीचे स्नायू पोसायला फार अन्न खर्ची पडतं. ज्याची गरजच नाही ते पोसायचं कशाला? पिढ्यान्‌पिढ्या पंख आखूड होत गेले, पाय भक्कम झाले. हजारो वर्षं हा व्यवहार फायद्याचा होता. जहाजं आली आणि फसला.

३५ सेंटच्या गुलाबी कबुतराची आणि २५ सेंटच्या ससाण्याची गोष्ट मात्र वेगळ्या वळणानं गेली. तिकीट निघालं तेव्हा ससाणा उतरणीलाच लागला होता. जंगलतोड, माकडं आणि हिवतापासाठी मारलेलं डीडीटी. १९७४ मध्ये निसर्गात माहीत असलेले ससाणे उरले ४. शेकडा नव्हे, चार. पुढे कार्ल जोन्स नावाचा वेल्श जीवशास्त्रज्ञ तिथे गेला आणि ठाण मांडून बसला. मादीची पहिली अंडी उचलून कृत्रिम उबेत उबवायची, म्हणजे ती पुन्हा अंडी घालते. ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. ससाणे आज शेकड्यांत आहेत. गुलाबी कबुतरं १९९० च्या सुमारास जंगलात १० च्या आसपास उरली होती, तीही आता शेकड्यांत गेली. २५ आणि ३५ सेंटची ती तिकिटं ६० च्या पुढच्या रांगेत जाता जाता राहिली.

मॉरिशसशी माझा संबंध डब्यापुरताच राहिला असता, पण १९८१ मध्ये मला तिथला एक पत्रमित्र मिळाला. तिकिटांच्या अदलाबदलीसाठी लोक पत्ते छापून आणत, तसा. मी इंग्रजीत पत्र लिहिलं, तर उत्तर देवनागरीत आलं, सुवाच्य, थोड्या जुन्या वळणाच्या मराठीत! त्याचे पणजोबा कोकणातून मुंबई बंदरामार्गे उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेलेले. १८३४ पासून कराराच्या कागदावर अंगठा उठवून हजारो लोक कलकत्ता, मद्रास आणि मुंबईहून त्या बेटावर गेले. पोर्ट लुईसच्या धक्क्यावर ती माणसं उतरायची. तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मराठी माणसं त्यांत थोडी, पण गणेश चतुर्थीला तिथे आख्ख्या देशाला सुट्टी असते. आमच्याकडे ती सुट्टी असूनही टपालाच्या थैल्या यायच्याच, असं मी त्याला कळवलं होतं.

त्याच्या लिफाफ्यांवरची तिकिटं सोडवणं हा माझा रविवारचा कार्यक्रम. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून लिफाफा कापायचा. परातीत कोमट पाणी. तिकीट चित्राची बाजू वर करून पाण्यावर सोडायचं आणि आपण चहा घ्यायचा. दहा-पंधरा मिनिटांत डिंक विरघळतो आणि तिकीट आपणहून कागदावरून सरकतं. नखानं ओढलं की पातळ होऊन फाटलंच. चिमट्यानं उचलून टीपकागदावर पालथं घालायचं आणि वर जाड पुस्तक. आमच्याकडे मागच्या वर्षीचं पंचांग त्या कामाला असे. एकदा घाईत मी एका लग्नपत्रिकेचा तुकडाही त्याच परातीत टाकला. पत्रिकेला हळदीकुंकू लावलेलं. अख्खी परात पिवळी झाली आणि मॉरिशसचं एक गुलाबी कबुतर त्या दिवसापासून हळदीचं आहे. ते मी टाकलं नाही. अंगाला हळद लागलेला असा पक्षी दुसऱ्या कुणाकडे असणार?

पाण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचंही सांगते. नोव्हेंबर १९९४ मध्ये पाणपक्ष्यांची चार भारतीय तिकिटं निघाली. १ रुपयावर अंदमानचं बदक, बाकी तिघांत एक करकोचा, एक काळ्या मानेचा क्रौंच आणि ११ रुपयांवर गुलाबी डोक्याचं बदक, जे कित्येक दशकांत कुणाला दिसलेलं नाही. छपाईची शाई पाण्यात विरघळणारी निघाली आणि तिकिटं लगेच विक्रीतून मागे घ्यावी लागली. पाणपक्षी, आणि पाणी लागलं की पुसणार! माझ्याकडे तो संच कोरा आहे. परातीपासून लांब, कपाटाच्या वरच्या फळीवर.

आता उजवीकडचं तिकीट. ट्रिस्टन दा कुन्हा हे दक्षिण अटलांटिकमधलं ज्वालामुखीचं बेट, केप टाऊनपासून साधारण २,८०० किलोमीटर. विमान उतरत नाही, बोटीनं आठवडाभर. वस्ती अडीचशेच्या आत. आमच्या तालुक्यात एखाद्या वाडीवर याहून जास्त माणसं निघतील. ही माणसं १९४६ मध्ये स्वतःची तिकिटं मागत होती. ॲलन क्रॉफर्ड यांनी त्यासाठी नमुने काढून दिले. त्यांतल्या पेंग्विनच्या तिकिटावर किंमत लिहिली होती १ पेनी आणि खाली ४ बटाटे. बेटावर पैसा फारसा चालतच नव्हता, बटाट्यावर व्यवहार. सरकारनं ते नमुने मान्य केले नाहीत. बलुतं चालवलेल्या गावात वाढलेल्या मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. पायलीभर जोंधळ्यावर दाढी होत होतीच की.

तिकिटं मिळाली ती १९५२ पासून, आणि १९५४ च्या मालिकेत ५ शिलिंगच्या तिकिटावर आली न उडणारी पाणकोंबडी. ती मूळ बेटावर नसते, शेजारच्या एका १४ चौरस किलोमीटरच्या बेटावर असते. त्या बेटाचं नावच 'अगम्य' अशा अर्थाचं, इनॲक्सेसिबल. चहूबाजूंनी कडे, किनाऱ्यावर उतरलात तरी आत शिरणं मुश्कील. पक्षी वजनाला ४० ग्रॅमच्या आसपास, तपकिरी-काळा, पिसं केसांसारखी विस्कटलेली, डोळे लाल. जगातल्या न उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत लहान. रॉजर्स नावाच्या मिशनऱ्यानं मिळवलेल्या नमुन्यांवरून पर्सी लो यांनी १९२३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. हिचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून साधारण १५ लाख वर्षांपूर्वी उडत आले असावेत, असं २०१८ मधल्या जनुकीय अभ्यासातून निघालं. गवताच्या दाट पातींखाली ती बोळ काढते आणि त्या बोळांतूनच पळते. अशा काही हजार पाणकोंबड्या तिथे आहेत.

मॉरिशसची गेली आणि ही राहिली, यात हिची हुशारी काही नाही. त्या कड्यांमुळे तिथे उंदीर पोचला नाही, एवढंच. ट्रिस्टनच्या मूळ बेटावर १८८२ मध्ये एक जहाज फुटलं आणि त्यातून उंदीर उतरले. अगम्य बेटावर अजून नाहीत. तिथे बोटीतून काय उतरतं, पिशवीच्या शिवणीत काय दडलंय, यावर त्या पाणकोंबडीचं सगळं भवितव्य टांगलेलं आहे. एक गाभण उंदरीण पुरे.

ट्रिस्टनची आणखी एक गोष्ट आहे, ती मी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगत असे. ऑक्टोबर १९६१ मध्ये गावाशेजारीच ज्वालामुखी फुटला. सगळी माणसं बोटीतून काढून इंग्लंडला नेली. त्यांच्या मदतीसाठी सेंट हेलेना बेटानं ट्रिस्टनच्याच तिकिटांवर छाप मारून जादा आकारणीची तिकिटं विकायला काढली. लंडनहून ती बंद करण्याचा हुकूम आला, तोवर ४३४ संच खपले होते. तेच आज संग्राहकांच्या स्वप्नात येतात. इंग्लंडमध्ये त्या लोकांना घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी मत दिलं: परत जायचं १४८, राहायचं ५. आणि १९६३ मध्ये बहुतेक सगळे परत गेले, बटाट्याच्या शेतांकडे. त्यांच्या माशांच्या कारखान्यावर लाव्हा पडला होता, घरं मात्र बरीचशी वाचली होती.

वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "त्यांचं गाव जागेवर होतं ना?"

हे ५ शिलिंगचं तिकीट मला माझ्या मॉरिशसच्या मित्रानं दिलं, वापरलेलं, कोपऱ्यावर शिक्का. बदल्यात त्यानं मागितलं ते भारताचं १९८० चं माळढोकाचं तिकीट, २ रुपये ३० पैशांचं, चारांचा ठोकळा. जयपूरला माळढोकांवर आंतरराष्ट्रीय परिषद झाली तेव्हा ते निघालं होतं. मी बिनदिक्कत दिला. माळढोक काय, आपल्या सोलापुरातला, नान्नजला बसनं जाऊन बघता येईल असा पक्षी. माझ्याकडे आणखी दोन ठोकळे होते. नान्नजचं अभयारण्य आजही आहे, पण आता माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. सुप्याच्या माळावर चिंकारा अजून आहे, माळढोक नाही. तो दोन रुपये तीस पैशांचा पक्षी कुठल्या रांगेत सरकतोय, ते मला मॉरिशसच्या संचानं आधीच दाखवलं होतं. मी बघितलं नाही.

सगळंच असं नाही. इंदापुरात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर चित्रबलाक घरटी करतात. खाली सात-बाऱ्याची रांग, वर पिल्लांचा कालवा. तिथून जाताना अर्जदार डोक्यावर फाइल धरतात, उन्हासाठी नव्हे. १९७६ च्या केवलादेव घाना अभयारण्याच्या २५ पैशांच्या तिकिटावर हाच पक्षी आहे. मी ते तिकीट एकदा त्या झाडाखाली उभं राहून पडताळलं होतं. चोचीचा पिवळा थोडा जास्त झालाय, बाकी बरोबर.

पत्रमित्राची पत्रं नंतर विरळ झाली. वय झालं, टपालही महागलं. त्याच्या शेवटच्या काही पत्रांपैकी एकात त्यानं विचारलं होतं, की आमच्या ५ रुपयांवाल्या लाल पाणकोंबडीची तुमच्याकडे नातलग कोण? मी उजनीचं वर्णन लिहिलं, होडी लिहिली, कपाळावरचा टिळा लिहिला आणि नाव लिहिलं, वारकरी. पंढरपूर त्याला घरातल्या भजनांतून माहीत होतं. त्याचं उत्तर दीड महिन्यानं आलं, लिफाफ्यावर गुलाबी कबुतर. हा तुमचा वारकरी पंढरपूरला जातो का, असं त्यानं विचारलं होतं.

मी कार्डावर लिहून टाकलं: बरेचसे इथेच राहतात. पाणी जातं. धरणातून सोडलं की भीमेनं थेट पंढरपूर.